पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे : अमेरिकेचा कारभार आणि आपला कारभार

 

आजचा विषय ऐकून काही जणी हसतील. आज आम्ही अमेरिकेच्या राज्यकारभाराबद्दल बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, नळाला पाणी नाही, रेशनचं दुकान वेळेवर उघडत नाही, आणि या बाया निघाल्या अमेरिकेला! पण टीव्ही लावला की अमेरिकेचा अध्यक्ष दिसतो. त्यानं काही ठरवलं की कापसाच्या भावाचं काय होईल, अशी चर्चा आपल्या ओट्यावर होते. मग मनात येतंच, हा माणूस राजा आहे का? त्याला कुणीच अडवू शकत नाही का? आणि आपल्या पंतप्रधानांपेक्षा, आपल्या सरपंचापेक्षा त्याचं पद वेगळं कसं? हे समजून घेताना आपल्याच गावचा कारभार जास्त स्पष्ट दिसायला लागतो, म्हणून हा विषय.

आधी आपल्या गटाची पेटी बघू

आपल्या गटात पैशाची पेटी एकीच्या घरी असते. किल्ली दुसरीकडे असते. हिशेबाची वही सचिवाकडे असते. बँकेतून पैसे काढायचे तर एका सहीवर निघत नाहीत. कर्ज कुणाला द्यायचं ते अध्यक्ष एकटी ठरवत नाही, बैठकीत ठरतं आणि प्रोसिडिंगमध्ये लिहिलं जातं.

असं का करतो आपण? पेटी सांभाळणारी बाई चोर आहे म्हणून नाही. ती आपलीच जाऊ, नाहीतर शेजारीण असते. पण पेटी, किल्ली आणि वही एकाच हातात गेली तर चांगल्या माणसालाही मोह होतो, आणि मोह झाला नाही तरी इतर बायांच्या मनात शंका येते. नियम असला की शंकेला जागा राहत नाही, नातंही टिकतं.

देशाची घटना, म्हणजे संविधान, हे याच जातीचं काम आहे. सत्तेची पेटी कुणाकडे, किल्ली कुणाकडे आणि वही कुणाकडे, हे आधीच लिहून ठेवायचं. अमेरिकेनं हे काम १७८७ मध्ये केलं, आपण १९४९ मध्ये.

अमेरिकेला राजा का नको झाला?

अडीचशे वर्षांपूर्वी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर इंग्रजांच्या १३ वसाहती होत्या. राजा इंग्लंडात, संसद इंग्लंडात, आणि कर मात्र या लोकांवर. त्यांचा एकही प्रतिनिधी त्या संसदेत नव्हता. लोक म्हणाले, आमचा माणूस जिथं बसत नाही, तिथं आमच्यावर कर कसा बसवता? १७७३ मध्ये बोस्टन बंदरात लोकांनी जहाजावरच्या चहाच्या पेट्या समुद्रात फेकल्या. भांडण चहाच्या चवीचं नव्हतं, न विचारता लावलेल्या कराचं होतं.

४ जुलै १७७६ रोजी या १३ वसाहतींनी आपण स्वतंत्र असल्याचं जाहीर केलं. लढाई झाली आणि इंग्रज हरले. पण राजा गेल्यावर पुढं काय? तेराही राज्यं आपापल्या तोऱ्यात. एकत्र पैसा जमेना, एकत्र निर्णय होईना. तेव्हा १७८७ च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फिया शहरात ५५ प्रतिनिधी बसले आणि त्यांनी नवी घटना लिहिली. तिची सुरुवात 'आम्ही लोक' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. सत्ता देवानं राजाला दिलेली नाही, लोकांनी सरकारला दिलेली आहे, हा त्याचा अर्थ.

पण त्या ५५ जणांत एकही बाई नव्हती. त्यांच्यातल्या अनेकांच्या घरी, मळ्यांत गुलाम राबत होते. राज्याची लोकसंख्या मोजताना पाच गुलाम म्हणजे तीन माणसं, असा हिशेब त्या घटनेत होता. 'आम्ही लोक' म्हणायचं आणि अर्ध्याहून जास्त माणसं दाराबाहेर ठेवायची, असं ते घर होतं. गुलामी कायद्यानं बंद व्हायला १८६५ साल उजाडलं, आणि बाई म्हणून कुणाचा मताचा हक्क नाकारता येणार नाही हे अमेरिकेच्या घटनेत यायला १९२० साल. काळ्या बायांना आणि पुरुषांना दक्षिणेकडच्या राज्यांत त्यानंतरही कित्येक वर्षं मतपेटीपर्यंत जाऊ दिलं जात नव्हतं. चांगला शब्द कागदावर आला की काम संपत नाही, तिथून पुढं ते सुरू होतं.

तीन हात, एकमेकांवर नजर

अमेरिकेत सत्तेचे तीन भाग केले आहेत.

पहिला भाग कायदा करणाऱ्यांचा. तिथल्या संसदेला काँग्रेस म्हणतात. आपल्याकडच्या पक्षाच्या नावाशी याचा संबंध नाही. तिची दोन सभागृहं आहेत. एकात लोकसंख्येप्रमाणे प्रतिनिधी असतात. दुसऱ्यात, म्हणजे सिनेटमध्ये, राज्य लहान असो की मोठं, प्रत्येकाचे दोनच. राज्यं ५०, म्हणून सिनेटर १००. कर बसवायचा आणि खजिन्यातून खर्च मंजूर करायचा अधिकार घटनेनं काँग्रेसला दिला आहे.

दुसरा भाग कारभार चालवणाऱ्यांचा. त्याचा प्रमुख अध्यक्ष. त्याची मुदत चार वर्षांची, आणि दोनदाच निवडून येता येतं. काँग्रेसनं केलेला कायदा त्याला पटला नाही तर तो परत पाठवू शकतो. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो पुन्हा मंजूर केला, तर अध्यक्षाच्या सहीवाचून कायदा होतो.

तिसरा भाग न्यायालयांचा. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश अध्यक्ष सुचवतो, पण सिनेटनं होकार दिल्याशिवाय नेमणूक होत नाही. एकदा नेमलं की त्यांना रागावून काढता येत नाही. अध्यक्षाचा हुकूम किंवा काँग्रेसचा कायदा घटनेत बसत नसेल तर न्यायालय तो रद्द करतं.

म्हणजे बघा, पेटी एकीकडे, किल्ली दुसरीकडे, वही तिसरीकडे. अध्यक्ष राजा आहे का, याचं उत्तर 'नाही' असं आहे. तो ताकदवान आहे, पण त्याला अडवायची सोय लिहून ठेवलेली आहे. अडवणारे आपलं काम करतात की नाही, हा पुढचा प्रश्न.

आपल्या मातीतली गोष्ट

आता घराकडे येऊ. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा आपला जालना स्वतंत्र झाला नव्हता. आपण हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतो. निजामाचं फर्मान हाच शेवटचा शब्द. रझाकारांची दहशत आपल्या आज्यांनी पाहिली. त्याविरुद्ध स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. त्या लढ्यात बाया मागं नव्हत्या. बदनापूर तालुक्यातल्या धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांचं नाव आजही आपल्या भागात आदरानं घेतात. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा मुक्त झाला, म्हणून आपण दर वर्षी त्या दिवशी झेंडा लावतो.

पुढच्या वर्षी, नोव्हेंबर १९४९ मध्ये, निजामानं भारताचं संविधान हैदराबाद राज्याला लागू होईल असं जाहीर केलं. ज्याचा शब्द म्हणजेच कायदा होता, त्याच्याच राज्यात आता संविधानाचा शब्द चालणार होता. २६ जानेवारी १९५० पासून संविधान अंमलात आलं. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि १ मे १९८१ ला आपला जालना जिल्हा झाला.

इथं अमेरिकेत आणि आपल्यात एक फरक आहे. तिथं आधी राज्यं होती, ती एकत्र आली आणि देश झाला. म्हणून एखाद्या राज्याचे तुकडे करायचे तर त्या राज्याची संमती लागते. आपल्याकडे संसद कायदा करून राज्यांच्या सीमा बदलू शकते. राज्याच्या विधानसभेचं मत विचारतात, पण शेवटचा निर्णय संसदेचा. मराठवाडा हैदराबादमधून निघून मराठी राज्यात आला तो असाच.

फुले आणि बाबासाहेब

अमेरिकेतला हा विचार महाराष्ट्रात कुणी आधी ओळखला असेल तर जोतीराव फुल्यांनी. त्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक लिहिलं आणि गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना ते अर्पण केलं. तिथल्या गुलामांच्या बेड्या तुटल्या, तशा इथल्या शूद्र-अतिशूद्रांच्याही तुटाव्यात, ही त्यांची इच्छा होती.

त्यानंतर ४० वर्षांनी, १९१३ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला गेले. पुढं तेच संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी त्यांनी संविधान सभेपुढं मसुदा मांडला. मराठवाडा मुक्त होऊन तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. त्या भाषणात त्यांनी अमेरिकेची पद्धत आणि आपण निवडलेली पद्धत यांतला फरक समजावून सांगितला. त्याचा सार असा : अमेरिकेचा अध्यक्ष ठरलेल्या मुदतीसाठी बसतो, त्यामुळं सरकार स्थिर राहतं. पण त्याला रोजच्या रोज सभागृहात जाब विचारता येत नाही. आपल्या पद्धतीत मंत्र्यांना संसदेत प्रश्न विचारता येतात, आणि बहुमत गेलं की सरकार जातं. स्थिरता थोडी कमी पडली तरी चालेल, पण जबाबदारी जास्त हवी, म्हणून आपण ही वाट घेतली.

अमेरिकेकडून आपण काहीच घेतलं नाही असं मात्र नाही. कुणाही सरकारला हिरावता येणार नाहीत असे मूलभूत हक्क लिहून ठेवायचे, आणि त्यांना बाधा आणणारा कायदा न्यायालयानं रद्द करायचा, ही रीत आपल्याकडेही आहे. आणि आपलं संविधान सुरू होतं तेही 'आम्ही, भारताचे लोक' या शब्दांनी. फरक हा की आपल्या संविधान सभेत बाया होत्या, आणि पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक सज्ञान बाईला मत होतं.

नाव कुणाचं?

पण त्या पहिल्या निवडणुकीत काय झालं ते ऐका. १९५१-५२ च्या त्या निवडणुकीची मतदार यादी करायला कर्मचारी घरोघर गेले. देशात लाखो बायांनी आपलं नाव सांगितलंच नाही. 'अमक्याची आई', 'तमक्याची बायको' एवढंच सांगितलं. अशी सुमारे २८ लाख नावं यादीतून काढावी लागली. हक्क दारापर्यंत आला होता, पण नावच नव्हतं म्हणून तो परत गेला.

आज आपलं नाव यादीत आहे. एवढंच नाही, ७३ व्या घटनादुरुस्तीनं २४ एप्रिल १९९३ पासून पंचायतीत बायांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या, आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या. अमेरिकेच्या घटनेत गावच्या कारभाराचा साधा उल्लेखही नाही. आपल्या संविधानात ग्रामसभा आहे, पंचायत आहे, बाईची राखीव खुर्ची आहे. या बाबतीत आपण पुढं आहोत.

पण त्या खुर्चीवर बसतं कोण? फलकावर नाव ताईंचं, आणि लोक 'सरपंच' म्हणून हाक मारतात त्यांच्या मालकांना. कायद्यात सरपंचपती नावाचं पद नाही. बाई घरी भाकरी थापते आणि सही करण्यापुरती वही घरी येते, तेव्हा तिचं नाव यादीत असूनही ती पुन्हा 'तमक्याची बायको'च होते.

सरपंच : आपल्या गावातला अध्यक्ष

महाराष्ट्रात २०१७ मध्ये थेट सरपंच निवडायची पद्धत आली, २०२० मध्ये ती गेली आणि २०२२ मध्ये परत आली. सदस्य आपापल्या वॉर्डातून येतात, पण सरपंचाला सगळं गाव मत देतं. म्हणजे पंतप्रधानांपेक्षा आपला सरपंच अमेरिकेच्या अध्यक्षाच्या जास्त जवळ गेला! तिथं अध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेस दुसऱ्या पक्षाची असं होतं. तसंच इथं सरपंच एका पॅनलचा आणि बहुमत दुसऱ्या पॅनलचं असं होऊ शकतं. मग मासिक बैठकीत कामं अडतात.

पूर्वी सदस्यांनी ठरवलं की सरपंच जायचा. आता थेट निवडलेल्या सरपंचाला काढायचं तर सदस्यांचे तीन चतुर्थांश मतांनी अविश्वास ठराव लागतो, आणि त्यानंतर ग्रामसभेतही मतदान घेऊन तो मंजूर व्हावा लागतो. लोकांनी बसवलं, तर उठवतानाही लोकांना विचारायचं. म्हणून बाई सरपंच असेल आणि कुणी सूडानं ठराव आणला, तर तिचं पद वाचवायची किल्ली ग्रामसभेत बसलेल्या बायांच्या हातात आहे. आणि सरपंचाचं काम खरंच वाईट असेल, तरी हीच किल्ली कामाला येते.

न्यायालयाचा हातही किती उपयोगी पडतो ते बघा. जळगाव जिल्ह्यात विचखेडा नावाचं गाव आहे. तिथल्या महिला सरपंच २०२१ मध्ये निवडून आल्या. त्या सरकारी जमिनीवरच्या घरात सासूबरोबर राहतात, अशी तक्रार गावातल्या काही लोकांनी केली. आपण नवरा आणि मुलांसह वेगळ्या, भाड्याच्या घरात राहतो, असं त्यांचं म्हणणं होतं. तरीही जिल्हाधिकाऱ्यांनी त्यांना अपात्र ठरवलं. वरच्या अधिकाऱ्यानं तेच कायम केलं, उच्च न्यायालयातही दाद मिळाली नाही. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२४ मध्ये न्यायालयानं त्यांचं पद परत दिलं. बाई सरपंच झाली हेच गावातल्या लोकांना पचलं नाही, आणि अधिकाऱ्यांनीही नीट पडताळणी न करता तिला काढलं, अशा आशयाचे कडक शब्द न्यायालयानं लिहिले. एका हातानं चूक केली, दुसऱ्या हातानं ती दुरुस्त केली. सत्ता वाटून ठेवायची ती याचसाठी. पण त्या ताई घरी बसल्या असत्या तर दुरुस्ती झाली नसती.

आता आपण काय करायचं?

आम्ही नुसती माहिती सांगून थांबत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पुढच्या ग्रामसभेआधी गटाच्या बैठकीत एवढं ठरवा.

पहिलं, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची असते, असं महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. ती होते का, विचारा. होत नसेल तर गटाच्या लेटरहेडवर अर्ज द्या आणि पोच घ्या. महिला सभेत ठरलेलं ग्रामसभेत मांडा आणि प्रोसिडिंगमध्ये लिहून घ्या. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं.

दुसरं, ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायला हवी. तिला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. गावातल्या पाच-सहा गटांच्या बाया एकत्र गेल्या तर निम्मी संख्या आपलीच होते. मग सभा कागदावर उरकता येत नाही.

तिसरं, पैशाचं विचारा. पंचायतीच्या खात्यातून पैसे काढायला सरपंच आणि ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, या दोघांच्या सह्या लागतात. ही आपल्या पेटीचीच रीत. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला आणि बालकल्याणासाठी असतात. ते कशावर खर्च झाले? कोणत्या कामाला किती पैसे आले ते मोबाईलवर 'मेरी पंचायत' ॲपमध्ये बघता येतं. गटातल्या एखाद्या शिकणाऱ्या मुलीला हे काम द्या.

चौथं, उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला तेही नाही. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पाचवं, सरपंच बाई असेल तर तिच्या शेजारी जाऊन बसा. ती बोलायला उठली आणि मागून कुणी हसलं, तर हसणाऱ्याकडे दहा जणींनी वळून बघा. आणि तिच्याऐवजी तिचे मालक बोलायला लागले तर गोडीनंच म्हणा, 'दादा, बसा. सरपंचताईंना बोलू द्या.'

अमेरिकेत घटना लिहिणारे ५५ जण होते, पण तिच्यातला अन्याय काढायला गुलामीतून सुटलेले लोक आणि मतासाठी झगडणाऱ्या बाया रस्त्यावर याव्या लागल्या. आपल्याकडे हक्क लिहून मिळाले आहेत. ते वापरायचे तर आपल्याला चावडीपर्यंत चालत जायचं आहे.

तुमच्या गावात महिला सभा झाली तर काय ठरलं ते आम्हाला कळवा. झाली नाही तर तेही कळवा, पुढच्या गप्पांत आपण त्यावर बोलू. तोवर गटाची वही लिहीत राहा, आणि किल्ली जपा.